दोन सिलिंडर, दोन मापं

जालना
२ डिसेंबर २०२४

ज्योत्स्ना,

पत्राच्या पहिल्या ओळीत तब्येत विचारायची नाही, ज्याला खरंच काही सांगायचं असतं तो सरळ सांगतो, असं आपल्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या. म्हणून सरळ सांगते. तुझी यामाहा माझ्याकडे आहे.

पिंपळगाव रेणुकाईच्या शेतावरच्या गोदामाचे पत्रे बदलायला घेतले होते. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी उंच दिसलं म्हणून कामगाराने ओढून पाहिलं आणि मला हाक मारली, "बाई, हे ट्रॅक्टरचं पिल्लू कुणाचं हाय?" एक नाही, दोन पिल्लं निघाली. माझी लाल होंडा आणि तुझी पांढरी यामाहा, शेजारी शेजारी. तुझ्या गाडीच्या सीटवर कोंबडीने कधीकाळी अंडी घातली असावीत. बाकी ती जशी ठेवली होती तशीच आहे. चारही टायर बसलेत.

मला तिथेच हसू आलं. तुझे बाबा, माझे इंद्रभानकाका, १९८८ मध्ये परदेशातलं शेतीप्रदर्शन पाहून आले होते, आठवतं? तिथले शेतकरी चार चाकांच्या फटफटीवर बसून शेतं फिरतात म्हणून आपल्या बियाण्याच्या प्लॉटसाठी त्यांनी दोन मागवल्या. एजंटाने पाठवल्या शर्यतीच्या. मागे पोतं ठेवायला जागा नाही, पुढे डबा अडकवायला हूक नाही, नुसता जोर. माझे बाबा पेटीभोवती दोन चकरा मारून म्हणाले होते, "इंद्रभान, ह्याच्यावर बसून माणूस प्लॉट पाहणार कधी? प्लॉट संपलेला असंल." आणि काका म्हणाले होते, "मंग जल्दी पाहायचं."

होंडा मी ९८ पर्यंत वापरली. तुझी मात्र त्या रविवारनंतर कुणीच चालवली नाही. काकांनी कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि इंदूरला जाताना ती सोबत नेली. त्या दिवशी तिचा प्लग गेला होता, एवढंच. साधी गोष्ट होती, पण कुणी पुन्हा पाहिलंच नाही.

आपल्या गाड्या दुरुस्त करणारा संपत अजून आहे. सत्तरी गाठलीय, स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं छोटं गॅरेज आहे. मी त्याला दोन्ही दाखवल्या. तो होंडाजवळ दोन मिनिटं उभा राहिला आणि तुझ्या गाडीजवळ अर्धा तास.

तुझा पत्ता तुमच्या इंदूरकडच्या एका बियाणे दुकानदाराकडून मिळाला. म्हणाला, ज्योत्स्नाताईंची पपईची रोपं आमच्याकडे डोळे झाकून घेतात. मला फार अभिमान वाटला, तो मी त्याला सांगितला नाही. तुला सांगते.

गाडी तुझी आहे. काय करू ते कळव.

रेणू


जालना
१९ डिसेंबर २०२४

ज्योत्स्ना,

पस्तीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पोस्टकार्डावर दोनच शब्द, "भंगारात दे." शेवटच्या "दे"ची मात्रा तू अजून तशीच लांब ओढतेस, छत्रीच्या दांड्यासारखी. मी ते कार्ड स्वयंपाकघरात चहाच्या डब्याला टेकवून ठेवलंय. आमचे हे, कल्याणराव, म्हणाले, "शिव्या दिलेलं कार्ड देवासारखं कशाला मांडून ठेवलंय?" मी म्हटलं, शिवी एकच आहे, बाकी कार्ड आहे.

भंगारात देणार नाही. तू काही म्हण.

मागच्या पत्रात मी लिहिलं की प्लग गेला होता. ते खरं आहे, पण अर्धं. सिस्टर फिलोमिनांना असं अर्धं चाललं नसतं. आपल्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली शनिवारी फादरकडे रांगेत उभ्या राहायच्या, आत जाऊन चुका सांगायच्या आणि बाहेर येऊन लगेच लगोरी खेळायला धावायच्या. तू म्हणायचीस, यांचं किती सोपं आहे, आपल्याला ती सोय नाही. ती सोय नाही म्हणून इतकी वर्षं गेली, असं आज वाटतं.

तर त्या दिवसाचं सांगते. रविवार, १८ फेब्रुवारी १९९०. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, रान मोकळं होतं. काका म्हणत यामाहा भारी, बाबा म्हणत होंडा. भागीदारांनी भांडून मिटवायचं तर बाबांनी वाणांची तुलना करतो तसा प्रयोग लावला. एकच रान, एकच वेळ, तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीत चालवणारे अदलाबदल करायचे, म्हणजे गुण गाडीचा की माणसाचा ते कळतं. बाबांनी वहीत रकाने आखले. सुपरवायझर दोघेही पहिल्याच दिवशी बांधावर उलटून पडले होते, म्हणून चालवायला आपण दोघी. पाझर तलावाच्या बांधावरून सरळ जायचं, जुन्या विहिरीला वळसा घालायचा, आणि रानातून परत बाभळीपर्यंत.

पहिली फेरी तू जिंकलीस. कशी जिंकलीस ते मला अजून दिसतं. सुरुवातीला मी पुढे होते, कारण होंडा खालपासूनच तयार असते, जरा दाबलं की निघते. तुझी यामाहा अर्ध्या जोरापर्यंत आळशी, आणि मग अचानक तिला जाग येते आणि ती बांध खाऊन टाकते. विहिरीच्या वळणाला मी तुला गाठलं, कारण माझी हलकी, जिथे पाहीन तिथे वळणारी. तुझी पुढून जड, वळायला नाराज. पण सरळ रान लागलं आणि तू ट्रॅक्टरभर अंतराने निघून गेलीस. चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती. काकांनी फेटा उडवला होता.

दुसऱ्या फेरीआधी पेट्रोल भरायचं होतं. तेल कालवून. संपत डिझेल पंपाकडे गेला होता, आणि मी म्हटलं, मी भरते.

संपतने पाच लिटरला एक माप सांगितलं होतं. माप म्हणजे आपलं बीजप्रक्रियेचं, पाव लिटरचं. मी होंडाच्या कॅनमध्ये एक घातलं. मग यामाहाच्या कॅनपाशी आले आणि थांबले. प्रयोगशाळेत मी दिवसभर काय करायचे? बियाणं दुप्पट, तर औषध दुप्पट. ते हातात इतकं बसलं होतं की डोकं चालवायची गरज वाटली नाही. तुझ्या गाडीला दोन सिलिंडर. संपत विसरला असणार, असं मला वाटलं.

मी दोन मापं घातली.

त्या दुसऱ्या फेरीत तुझ्या मागून निघालेला तो निळा धूर, बांधाच्या मध्यावर एका पायाने लंगडणारी यामाहा, आणि तिसऱ्या फेरीसाठी मला ती चालू करून द्यायला तू मारलेल्या वीसेक किका, हे सगळं त्या दुसऱ्या मापाचं. तुझं काहीच नव्हतं.

हे मी लिहिलं. आता चहा करते.

रेणू


जालना
६ जानेवारी २०२५

ज्योत्स्ना,

तुझं दुसरं कार्ड. "चूक कुणाचीही होते. तुला ती कधी कळली?"

लहानपणीही गणितात तू असंच करायचीस. मी उत्तर सांगितलं की तू म्हणायचीस, पायऱ्या दाखव.

त्याच दिवशी कळली. संध्याकाळी.

यामाहा तिसऱ्या फेरीला चालूच झाली नाही म्हणून होंडा जिंकली, तेव्हा बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. त्यांनी आयुष्यात तीनदा तसा हात ठेवला, त्यातली ही दुसरी वेळ. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तेल बराबर घातलं होतं ना?" मी म्हटलं, बराबर. त्या क्षणी मला ते खरंच बरोबर वाटत होतं. मग काका बोलले ते तुला माहीत आहे. "पोरीनं मशीन जाळली. जिला मशीन सांभाळता येत न्हाई ती भोकरदनचे प्लॉट काय सांभाळणार?" ते प्लॉट तुला द्यायचे ठरलेले होते. हेल्मेट काढून सीटवर ठेवलंस आणि घरी निघालीस.

संध्याकाळी संपतने प्लग काढले. दोन्ही काळे, ओले. त्याने बोटाने पुसले, वास घेतला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "ताई, किती मापं?"

मी म्हटलं, दोन. दोन सिलिंडर म्हणून.

तो म्हणाला, "ताई, प्रमाण पेट्रोलशी असतं. सिलिंडर चार असू द्या न्हाई तर चाळीस." आणि प्लग फडक्यात गुंडाळून ठेवून दिले. तो कुणाला बोलला नाही, कारण तो आमच्याकडे कामाला होता. मी बोलले नाही, कारण पाठीवरचा हात मला परत द्यायचा नव्हता.

म्हणजे मला त्या संध्याकाळी सात वाजता कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस, आणि मला विचारलंस, "रेणू, धूर कशाचा होता?" मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असणार. माझ्या तर आहेच. मी म्हणाले, "तू क्लच फार दाबून धरतेस."

ज्यो, तेलाची चूक मी चुकून केली. हे वाक्य मी जाणूनबुजून म्हणाले. मे महिन्यात तुझं लग्न झालं, भोकरदनचे प्लॉट मला मिळाले, आणि मी ते आठ वर्षं चांगले सांभाळले. पावसाळा संपता संपता कपाशीच्या ओळींमध्ये बायका फुलं हाताळत असायच्या, मी होंडावरून उतरायचे, आणि दर वेळी मनात यायचं की इथे दोन गाड्या उभ्या असायला हव्या होत्या.

मला माफ कर असं मी म्हणत नाही, म्हणजे माफी तशी मागतेय, पण तू ती द्यावीस अशी अट नाही.

संपतने तुझी गाडी उघडलीय. काल मला फोन करून म्हणाला, "ताई, एअर फिल्टरमंधी उंदरानं बाळंतपण केल्तं. बाकी आत बिलकुल साफ हाय. जळाली-बिळाली काही न्हाई." हे शेवटचं वाक्य तो मुद्दाम मोठ्याने बोलला, असं मला वाटलं.

रेणू


जालना
२० जानेवारी २०२५

ज्योत्स्ना,

"मला लिहून काय उपयोग? बाबांना सांग." तिसरं कार्ड. हे मी डब्याला टेकवलं नाही. पर्समध्ये ठेवलंय आणि भाजी घेताना, बँकेत, रिक्षात काढून वाचते.

तुझं बरोबर आहे. ज्यांच्यासमोर मी "बराबर" म्हटलं त्यांच्यातले बाबा गेले, सुपरवायझर गेले. काका आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी दिसत नाही, पण कान शाबूत आहेत असं तू लिहिलंस. म्हणजे खालचा मजकूर तुलाच त्यांना वाचून दाखवावा लागेल. मला वाईट वाटतं, आणि थोडं बरंही वाटतं, की तो तुझ्या आवाजात जाईल. मध्ये काही गाळू नकोस, आणि घालूही नकोस.

इंद्रभानकाका,

मी रामरावांची रेणू. नमस्कार करते. नव्वद सालच्या प्रयोगात दुसऱ्या फेरीआधी यामाहात तेल मी घातलं. एका मापाऐवजी दोन घातली. गाडी त्यामुळे बंद पडली. ज्योत्स्नाने ती जाळली नव्हती, तिचा क्लच नीट होता आणि तिचा हातही नीट होता. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी बराबर म्हणाले. संध्याकाळी मला खरं कळलं, तरी मी गप्प बसले. भोकरदनचे प्लॉट तिचे होते. तुम्ही तिला जे बोललात ते माझ्यामुळे बोललात. मला तुम्ही काय म्हणाल ते ऐकायची माझी तयारी आहे. फोन करा किंवा लिहवून घ्या.

तुमची
रेणू

हे लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या कच्च्या प्रतीत मी "त्या वयात" असं घातलं होतं. दुसऱ्या प्रतीत खोडलं. मी चोवीस वर्षांची होते, चार नाही.

रेणू


जालना
३ फेब्रुवारी २०२५

ज्यो,

पाकीट फाडलं आणि किल्ली मांडीवर पडली.

मी ओढणीने डोळे पुसायला लागले. कल्याणराव म्हणाले, "काय झालं? कुणी गेलं का?" मी किल्ली वर धरली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "मंग रडायला काय झालं? पेट्रोल भरायचं पाहा." आणि मग जीभ चावून म्हणाले, "संपतला भरू दे."

तुझी चिठ्ठी मी संपतला वाचून दाखवली. तू लिहिलंस की काकांनी माझं पान दोनदा वाचायला लावलं, मग सुनेला कपाट उघडायला सांगून मोज्याच्या पुडक्यातून किल्ली काढायला लावली. आणि तुला म्हणाले, "पोरी, दोन फेऱ्या राह्यल्यात." बस एवढंच. पस्तीस वर्षं ती किल्ली मोज्यात. तुझ्या वहिनीने किती वेळा कपाट आवरलं असेल, आणि दर वेळी ती परत ठेवली असेल.

दोन फेऱ्या हा काकांचा हिशेब बरोबर आहे. दुसरी रद्द, कारण तेल चुकलं. ती पुन्हा, आणि तिसरी अदलाबदल करून. बाबांची वही माझ्याकडे आहे. दुसऱ्या फेरीच्या रकान्यात त्यांनी "होंडा" लिहिलंय, ते मी लाल शाईने खोडलं आणि खाली सही केली.

आता इथली बातमी. संपतने दोन्ही गाड्या चालू केल्या. रबरी सील, टायर, साखळ्या नव्या. माझ्या सुनेने, अर्पिताने, फोनवरून कुठल्या कुठल्या देशातून सुटे भाग मागवले. पार्सलवाला विचारतो, "मॅडम, तुम्ही नक्की काय बनवून राह्यल्या?" अर्पिता म्हणते, "सासूबाई." आमच्या घरात सध्या असं बोलणं चालतं.

काल मी दोन्ही चालवून पाहिल्या. तुझ्या गाडीवर बसायला तुझी परवानगी नव्हती, पण तपासणी म्हणून बसले. होंडा जशी होती तशीच, आज्ञाधारक. गुडघ्याने जरा खूण केली तरी वळते. एकोणसाठ वर्षांच्या गुडघ्याला तेवढंच झेपतं. मग यामाहा. पहिली किक, दुसरी, आणि तिसरीला तो आवाज. होंडाचा आवाज एका माणसाच्या बोलण्यासारखा आहे. तिचा दोन माणसं एकदम बोलल्यासारखा. हळू चालवली तर कुरकुरते, ढेकळातून गचके देते. मी म्हटलं, म्हातारी झाली. म्हणून बांधावर जरा जास्त दाबलं, आणि पुढची चाकं जमिनीला नमस्कार करून वर उठली. माझी ओढणी कल्याणरावांना नंतर बाभळीत सापडली.

ते म्हणतात, "अंगात कॅल्शियम न्हाई, आन् हिला शर्यत पाह्यजे." पण बांधावरचे दगड त्यांनीच दोन दिवस बसून वेचलेत. मुरुमही टाकलाय. विहिरीच्या वळणावर चुन्याची रेघ मारलीय, जिच्या आत यायचं नाही. तू म्हटलंस ना, ट्रॅक मोजून ठेव. टेप लावून मोजला. जायला सहाशे वीस मीटर, यायला सहाशे.

रविवारी सोळा तारखेला या. काकांसाठी पाठ टेकायची खुर्ची सावलीत ठेवलीय. जेवण माझ्याकडे. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा तुला सोसतो का अजून?

आणि हेल्मेट तुझं तेच आहे. धुतलंय. आतला स्पंज नवा घातलाय.

रेणू


जालना
२४ फेब्रुवारी २०२५

ज्यो,

अक्षर माझं नाही, हे तुला कळलंच असेल. मी सांगतेय आणि कल्याणराव लिहून घेतायत. का, ते पुढे सांगते. ते म्हणतात, "आधी सांग, न्हाई तर त्या घाबरतील." घाबरण्यासारखं काही नाही.

काकांनी गाडीत बसताना बजावलं होतं की निकाल नीट लिहून पाठव, ज्योत्स्ना मला वाचून दाखवंल. तर हा निकाल. काका, ऐका.

दुसरी फेरी. रान कोरडं, वारा नाही. यामाहावर ज्योत्स्ना, होंडावर रेणू. पेट्रोलमध्ये तेल संपतने घातलं, पाच लिटरला एक माप, दोन्ही कॅनना, आणि रेणूला तिथून वीस पावलं लांब उभं केलं होतं. सुरुवातीला होंडा पुढे. बांधाच्या मध्यापासून यामाहा पुढे. विहिरीच्या वळणावर होंडाने गाठलं, बाहेरून. परतीच्या सरळ रानात यामाहा निघून गेली. यामाहा एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद, होंडा एक मिनिट एक्कावन्न. धूर नेहमीचा.

(कल्याणराव म्हणतात, तुम्ही दोघी परत येण्याआधी काका काय म्हणाले ते पण सांग. काकांना दिसत नव्हतं, पण बाभळीखाली बसून त्यांनी दोन्ही गाड्यांच्या आवाजावरून कोण पुढे ते आधीच सांगितलं होतं. "दोन सिलिंडर पुढं हायेत, दोन्ही बराबर चालून राह्यलेत." आणि संपतने पागोट्याने डोळे पुसले आणि म्हणाला, मुरुमाची धूळ.)

तिसरी फेरी. अदलाबदल. होंडावर ज्योत्स्ना, यामाहावर रेणू. बांधावर यामाहाने अंतर घेतलं, कारण तो तिचा स्वभावच. वळणाच्या आधी मी वेग कमी केला, जड पुढा वळवायला तो करावाच लागतो. तू केलाच नाहीस. चुन्याच्या रेघेला घासून, उभी राहून, होंडा तिरकी करत तू आतून गेलीस. मी त्या गाडीवर आठ वर्षं फिरले आणि ती अशी वळू शकते हे मला माहीत नव्हतं. सरळ रानात यामाहा तुझ्याकडे धावत होती, दर सेकंदाला अंतर कमी होत होतं, पण बाभूळ आधी आली. होंडा एक मिनिट सत्तेचाळीस, यामाहा एक मिनिट अठ्ठेचाळीस.

निष्कर्ष. सरळ रानात यामाहा सरस, वळणात होंडा सरस. एकूण वेळेत सांगण्यासारखा फरक नाही. दोन्ही गाड्यांवर जिंकणारी चालवणारी एकच. बाबा असते तर त्यांनी लिहिलं असतं की फरक वाणामुळे नसून अन्य कारणाने आहे. काकांनी खुर्चीतून उठून, काठी टेकत, गावातून जमलेल्या लोकांकडे तोंड करून सांगितलं ते मी वहीत जसंच्या तसं लिहिलंय. "फरक मशीनचा न्हाई. फरक माह्या पोरीचा हाय. नव्वद साली मी चुकीचं बोल्लो होतो." लोकांतल्या निम्म्यांचा नव्वद साली जन्मही झाला नव्हता. 

निकाल संपला. यापुढचं फक्त तुझ्यासाठी, काकांना वाचायचं की नाही ते तू ठरव.

जेवताना तू तिखट खाऊन खाऊन हसत होतीस, आणि आपण शाळेच्या तळघरातल्या त्या जुन्या पियानोची, उपासाच्या दिवशी चोरून खाल्लेल्या बिस्किटांची आठवण काढत होतो. तुला पाणी देताना तुझ्या हातावर पपईच्या चिकाचे काळपट डाग दिसले, आणि मला वाटलं हा हात मला पस्तीस वर्षं पाहायला मिळायला हवा होता. मी ते बोलले नाही. आता बोलले. (कल्याणराव थांबलेत. म्हणतात, हे पण लिहू का? हो, लिहा.)

यामाहा इंदूरला न्यायला तू ट्रक पाठवतेस म्हणालीस, आणि मग जाता जाता किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणालीस, राहू दे इथेच, मी येत जाईन. कल्याणरावांनी गोदामाला नवं दार बसवायला घेतलंय, रुंद, दोन गाड्या शेजारी शेजारी बाहेर येतील असं.

आता तुझं परवाचं कार्ड. "तिसऱ्या फेरीत शेवटी तू सोडलंस का? खरं सांग."

मला माहीत होतं तू विचारशील. बाभळीपाशी उतरलीस तेव्हाच तुझ्या डोळ्यांत तो प्रश्न होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते म्हणून तू गिळलास. तुला संशय येणं साहजिक आहे. अपराधी बाई भरपाई म्हणून हरते, हे कुणालाही सुचेल. एकदा मी तुझ्याबद्दल खोटं बोलले, तर दुसऱ्यांदा तुझ्यासाठी बोलेन, असं तुला वाटलं असेल. मी तुझ्या जागी असते तर मलाही वाटलं असतं.

या गाड्यांना मोटरसायकलसारखी पिळायची मूठ नसते, उजव्या अंगठ्याखाली दाबायची पट्टी असते. वळण संपल्यापासून बाभळीपर्यंत ती मी पुरती दाबून धरली होती, शेवटच्या दोनशे मीटरला तर अंगठ्याचं भान गेलं होतं. सोमवारी सकाळी तो सुजला. मंगळवारी हाडाचे डॉक्टर म्हणाले, शीर ओढली गेलीय, तीन आठवडे पट्टी; या वयात कशाला दाबत होता एवढं? म्हणून हे अक्षर कल्याणरावांचं आहे.

ते म्हणतात, मी साक्षीदार म्हणून खाली सही करतो, मी फेरी पाह्यलीय, डॉक्टरांची चिठ्ठी पण जोडू. मी नको म्हटलं. चिठ्ठीवर नको, तू माझ्यावर विश्वास ठेवावास असं मला वाटतं. नाही ठेवलास तरी चालेल. ये, पुन्हा पळवू.

पेन त्यांच्याकडून घेतलंय. पुढचं मी डाव्या हाताने लिहितेय, वाकडं आलं तर सांभाळून घे, पण हे दुसऱ्याच्या अक्षरात चालणार नाही.

मी सोडलं नव्हतं. तू जिंकलीस.

रेणू